ग्रेट लेक्समधली लॅम्प्री: तळ्यात नाही, ओढ्यात गाठायची

ग्रँडरिव्हरकर

मिशिगन, विस्कॉन्सिन, ओहायो, ऑन्टारिओ या पट्ट्यात, म्हणजे ग्रेट लेक्स या अमेरिका-कॅनडातल्या पाच मोठ्या सरोवरांच्या (सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ऑन्टारिओ) आसपास राहणारी बरीच मराठी मंडळी आता गळ घेऊन पाण्यावर जातात. ट्राउट किंवा सामन वर काढल्यावर त्याच्या कुशीत दोन-अडीच सेंटिमीटरचा गोल, कडेने लाल, मधे खोल गेलेला व्रण दिसला, की "हा रोग आहे का, मासा खावा का" हा प्रश्न दर मोसमात कुठल्या ना कुठल्या गटावर येतोच. उत्तरं मात्र अर्धवट मिळतात. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, शक्यतो नेमकी.

तो व्रण सी लॅम्प्रीचा. ही वाम नव्हे, दिसायला तशी असली तरी. वामेला जबडा असतो, छातीचे पर असतात. लॅम्प्रीला जबडाच नाही, जोडीचे पर नाहीत, खवले नाहीत, आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना सात-सात कल्ल्यांची छिद्रं ओळीने असतात. तोंड म्हणजे एक गोल चूषक, त्यात केराटिनच्या टोकदार दातांची वर्तुळं आणि मधोमध खरवडणारी जीभ. ती माशाला चिकटते, जिभेने कातडी भोकसते आणि लाळेतून रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडत रक्त व शरीरद्रव पीत राहते. परजीवी अवस्था १२ ते १८ महिन्यांची. तेवढ्यात एक लॅम्प्री १८ किलो किंवा त्याहूनही जास्त मासे मारू शकते.

मूळची ती अटलांटिकची. ऑन्टारिओ सरोवरात तिची नोंद १८३५ पासून आहे, पण पुढे नायगारा धबधबा आडवा होता. धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा १८२९ ला सुरू झाला आणि नंतर टप्प्याटप्प्याने रुंद-खोल होत गेला. १९२१ ला ती ईरीत सापडली, १९३६ ला मिशिगनमध्ये, १९३७ ला ह्युरॉनमध्ये, १९३८ ला सुपीरियरमध्ये. ईरी ओलांडल्यावर वरची तिन्ही सरोवरं दोन-तीन वर्षांत तिच्या हाती गेली.

परिणाम आकड्यांत सांगायचा तर, वरच्या सरोवरांतून अमेरिका आणि कॅनडा मिळून वर्षाला सुमारे १.५ कोटी पौंड लेक ट्राउट निघत असे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ३ लाख पौंडांवर आलं होतं. मिशिगन सरोवरातला मूळचा लेक ट्राउट तर संपलाच. अतिमासेमारीचाही त्यात वाटा होता, ते नाकारत नाही. पण लेक ट्राउट ६-७ वर्षांचा झाल्यावर अंडी घालतो आणि लॅम्प्री मोठे मासे निवडते. म्हणजे विणीला आलेला मासाच आधी जातो. जाळी थांबवली असती तरी लॅम्प्रीने हा साठा वर येऊ दिला नसता, असं माझं ठाम मत आहे.

अटलांटिकमध्ये तिच्यामुळे असा हाहाकार का होत नाही, हे विचारलं जातं. तिथले यजमान मासे मोठे आहेत आणि लाखो वर्षं तिच्यासोबत वाढलेत. ग्रेट लेक्समधल्या माशांची तशी तयारी नव्हती. इथे हल्ला झालेल्या सातांपैकी एखादाच मासा वाचतो, अशीही परिस्थिती असते.

सुजाता_टोरांटो

धागा काढलात ते फार बरं झालं. ओळखीबद्दल लगेच भर घालते, कारण यात चूक झाली तर भलताच जीव मरतो.

ग्रेट लेक्सच्या खोऱ्यात लॅम्प्रीच्या चार स्थानिक जाती आहेत: सिल्व्हर, चेस्टनट, नॉर्दर्न ब्रूक आणि अमेरिकन ब्रूक. पहिल्या दोन परजीवी आहेत, पण आकाराने लहान, आणि हजारो वर्षांपासून इथल्या माशांसोबत नांदतायत. दोन्ही ब्रूक लॅम्प्री प्रौढपणी काही खातच नाहीत. अंडी घालतात आणि मरतात.

हातात आली तर पाठीचा पर पाहा. सी लॅम्प्रीला पाठीवर दोन सुटे पर असतात, मधे स्पष्ट फट. सिल्व्हर आणि चेस्टनटला एकच सलग पर, फार तर मधे खाच. अमेरिकन ब्रूकलाही दोन पर असतात, पण ती वीतभर लांबीची आणि माशाला चिकटत नाही. प्रौढ सी लॅम्प्री ३० ते ६० सेंटिमीटर, अंगावर काळपट-तपकिरी ठिपक्यांची नक्षी. एवढ्यावर निवाडा होतो. शंका असेल तर फोटो काढून स्थानिक मत्स्य कार्यालयाला दाखवा.

व्रणाचेही प्रकार आहेत. कातडी भेदून स्नायूपर्यंत गेलेली खूण ती 'ए', नुसती कातडी खरवडलेली ती 'बी'. प्रत्येकात भरून येण्याचे १ ते ४ टप्पे. ए१ म्हणजे ताजी, उघडी, आत कच्चं मांस दिसतंय. ए४ म्हणजे पूर्ण भरलेली, वर खवलेही आलेले. सरोवरात लॅम्प्री किती मातली आहे, ते यावरून मोजतात: ५३२ मिलिमीटरपेक्षा लांब अशा १०० लेक ट्राउटांवर ए१ ते ए३ खुणा किती. वरच्या सरोवरांत हे प्रमाण ५ च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट आहे.

उजनीकाठ

माहितीपूर्ण धागा. एक खुलासा करून ठेवतो, म्हणजे गोंधळ नको. आपल्याकडे उजनीत जो सकर मासा जाळ्यात येतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तोही चिकटतो म्हणून लोक दोघांना एक समजतात. सकर हा दक्षिण अमेरिकेतला, हाडाच्या कवचाचा कॅटफिश. मत्स्यालयातून धरणांत आलेला. तो दगडावरचं शेवाळ आणि गाळ खरवडतो, माशाचं रक्त पीत नाही. त्याचा त्रास वेगळा: जाळी फाटतात, काठाला बिळं पडतात, विकला जात नाही. भारतात लॅम्प्रीची एकही जात नाही. ती थंड पाण्याची.

माझा प्रश्न नियंत्रणाबद्दल आहे. एवढ्या समुद्रासारख्या सरोवरात एक परजीवी मासा शोधून मारणार कसा? जाळं लावून तर हे होणार नाही.

ग्रँडरिव्हरकर

सरोवरात मारतच नाहीत, दादा. सगळी मेख तिच्या जीवनक्रमात आहे.

वसंतात पाणी तापायला लागलं की प्रौढ लॅम्प्री नद्यांत चढतात, बहुतेक रात्री. १५ अंश सेल्सिअसच्या आसपास विणीचा काळ. वाहत्या पाण्यात गोटे तोंडाने उचलून खळगा करतात. मादी सरासरी ६०-७० हजार, कधी लाखापर्यंत अंडी घालते, आणि दोघंही मरतात. अंड्यातून निघालेले डिंभ, म्हणजे अमोसीट, प्रवाहासोबत खाली येऊन मऊ गाळात बीळ करतात. डोळे झाकलेले, दात नाहीत. गाळातून तोंड वर करून पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात. हे ३ ते ७ वर्षं, कधी त्याहून जास्त. साधारण १२० मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर उन्हाळ्यात रूपांतर सुरू होतं, डोळे आणि दात येतात, आणि मग ती सरोवराकडे निघते.

म्हणजे एका नदीच्या गाळात एकाच वेळी चार-पाच पिढ्या बसलेल्या असतात, जागा सोडून जात नाहीत, आणि अजून एकाही माशाला त्यांनी इजा केलेली नसते. गाठायचं ते इथे. ग्रेट लेक्सला ५,००० हून जास्त उपनद्या आणि ओढे मिळतात. त्यातल्या सुमारे ५०० मध्येच लॅम्प्री वाढते. दर ३ ते ५ वर्षांनी ओढ्यावर उपचार केला, म्हणजे डिंभ मारणारं औषध पाण्यात सोडलं, की बाहेर पडण्याआधीच त्या पिढ्या संपतात.

काम ग्रेट लेक्स फिशरी कमिशनच्या देखरेखीखाली चालतं. १९५४ चा अमेरिका-कॅनडा करार, कार्यालय अ‍ॅन आर्बरला. प्रत्यक्ष ओढ्यात उतरतात ती यू.एस. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस आणि कॅनडाच्या मत्स्य व महासागर खात्याची पथकं.

औषध सापडलं ते चिकाटीने. ह्युरॉनच्या काठी हॅमंड बे केंद्रात व्हर्नन अ‍ॅपलगेट आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात जवळपास ६,००० रसायनं तपासली. एकाच बरणीत लॅम्प्रीचे डिंभ आणि सोबत रेनबो ट्राउट व ब्लूगिलची पिल्लं ठेवायची, रसायन घालायचं, कोण मरतं ते पाहायचं. लॅम्प्री मेली आणि बाकीचे जगले, असं हवं होतं. त्यातून टीएफएम निघालं. १९५८ मध्ये ते पहिल्यांदा मिशिगनमधल्या ओढ्यात सोडलं.

रसायनी

टीएफएमबद्दल मी लिहिते. पूर्ण नाव ३-ट्रायफ्लुओरोमिथाइल-४-नायट्रोफिनॉल. ते पेशीतल्या मायटोकाँड्रियात ऑक्सिजन वापरणं आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं द्रव्य) बनवणं यांची जोडणीच तोडतं. श्वास चालू, ऑक्सिजन जळतोय, पण ऊर्जा तयार होत नाही. मेंदूतला ग्लायकोजनचा (राखीव साखरेचा) साठा संपत जातो आणि प्राणी ऊर्जेच्या दुष्काळाने मरतो.

मग ट्राउट का वाचतो? ट्राउटचं यकृत टीएफएमला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून ते निरुपद्रवी करतं आणि पित्तावाटे बाहेर टाकतं. लॅम्प्रीत हे काम करणारं विकर (एन्झाइम) फारच कमी. सगळी निवडकता या एका फरकावर उभी आहे. म्हणून "फक्त लॅम्प्रीला मारणारं विष" असं म्हणू नये. मात्रा वाढली तर ट्राउटही मरतो. लॅम्प्रीला पुरेशी आणि इतरांना सोसणारी अशी एक पट्टी असते, आणि ती प्रत्येक ओढ्यात वेगळ्या जागी असते.

ती जागा ठरवतो पाण्याचा सामू (पीएच) आणि क्षारता. टीएफएम हे सौम्य आम्ल, त्याचा पीकेए (ज्या सामूला अर्धे रेणू भारित आणि अर्धे भाररहित असतात तो) ६.०७ च्या आसपास. विद्युतभाररहित रूपात ते कल्ल्यांतून सहज आत शिरतं. सामू ७ असेल तर साधारण १०.५ टक्के टीएफएम या रूपात असतं. सामू ८ झाला की जेमतेम १.२ टक्के. भारित रूपही थोडं आत जातं, त्यामुळे विषारीपणा बरोबर याच प्रमाणात घटत नाही, पण दिशा हीच. सुपीरियरच्या उत्तर काठच्या मऊ पाण्यात १-२ मिलिग्रॅम प्रति लिटरला काम होतं. मिशिगनच्या चुनखडीतून येणाऱ्या कठीण पाण्यात त्याच्या कितीतरी पट लागतं.

पाणीपातळी

@रसायनी ताई, सामू तर दिवसभरात बदलतो. शेवाळ आणि पाणवनस्पती भरपूर असलेल्या ओढ्यात दुपारी वर जातो, पहाटे खाली येतो. १२ तास औषध सोडायचं तर मात्रा कुठल्या सामूला धरून ठरवतात?

रसायनी

नेमका प्रश्न. इथेच पथकाची कसोटी लागते.

दुपारी प्रकाशसंश्लेषणाने कार्बन डायऑक्साइड ओढला जातो, सामू ८.३ ला पोचतो. रात्री सगळे जीव श्वसन करतात, पहाटे तो ७.७ वर येतो. दुपारची मात्रा तशीच पहाटेपर्यंत चालू ठेवली तर पहाटे इतर मासे मरतील. पहाटेची मात्रा दुपारी ठेवली तर डिंभ वाचतील. म्हणून उपचाराआधी त्याच ओढ्याचा सामू दिवसरात्र नोंदवून घेतात, प्रत्यक्ष सोडताना ठरावीक वेळाने मोजत राहतात आणि पंपाचा वेग त्यानुसार कमीजास्त करतात. औषधाचा पट्टा खाली पोचायला कित्येक तास लागतात, हेही धरावं लागतं. सोडण्याच्या जागेचा आत्ताचा सामू पुरत नाही. तो पट्टा ज्या वेळी खालच्या भागातून जाईल त्या वेळी तिथला सामू किती असेल, त्यावर हिशेब करायचा.

ऋतूचाही फरक आहे. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात डिंभ जास्त मात्रा सोसतात, वसंतात कमी.

ग्रँडरिव्हरकर

ताईंनी रसायनशास्त्र मांडलं, मी कामाचा क्रम लिहितो.

आधी डिंभ आहेत का, किती, केवढे, ते पाहणं. पाठीवरचा विजेचा संच घेऊन ओढ्यात उतरतात. सेकंदाला ३ असे संथ झटके दिले की गाळातले डिंभ अस्वस्थ होऊन वर येतात. वर आल्यावर सेकंदाला ३० असे जलद झटके देऊन त्यांना गोठवतात आणि जाळीने उचलतात. सुरुवातीलाच जलद झटके दिले तर ते बिळातच ताठरतात आणि सापडत नाहीत. तळही बघतात: वाळू, बारीक गाळ आणि कुजका पाला यांचं मिश्रण सगळ्यात आवडीचं, नुसती वाळू कामचलाऊ, खडक किंवा घट्ट चिकणमाती निरुपयोगी. १०० मिलिमीटरच्या पुढचे डिंभ बरेच दिसले तर तो ओढा यादीत वर जातो.

मग ओढ्याचा प्रवाह मोजतात आणि ऱ्होडामिन रंग सोडून पाणी एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात जातं ते काढतात. काठावर छोट्या प्रयोगशाळेत त्याच ओढ्याचं पाणी आणि त्याच ओढ्यातले डिंभ घेऊन चाचणी करतात. ९ तासांत ९९.९ टक्के डिंभ मारणारी किमान मात्रा हवी असते. प्रत्यक्षात त्याच्या साधारण १.२ ते १.५ पट धरतात आणि १२ तास सोडतात. १२ का, तर वाहताना पट्ट्याच्या दोन्ही कडा पसरून पातळ होतात. वर १२ तास दिलं तर खाली पुरे ९ तास मिळतात.

हिशेब कसा होतो ते बघा. प्रवाह सेकंदाला २ घनमीटर, म्हणजे २,००० लिटर. मात्रा ३ मिलिग्रॅम प्रति लिटर. सेकंदाला ६ ग्रॅम. १२ तासांचे ४३,२०० सेकंद. एकूण सुमारे २५९ किलो शुद्ध टीएफएम, एका मध्यम ओढ्याला, एका वेळी. औषध महाग आहे, म्हणून मोठ्या नद्यांत टीएफएमच्या १-२ टक्के निक्लोसामाइड हे दुसरं लॅम्प्रीनाशक मिसळतात. त्याने टीएफएम बरंच कमी लागतं. पण त्याची निवडकता टीएफएमपेक्षा कमी, त्यामुळे हात सैल सोडून चालत नाही.

पंप मुख्य प्रवाहावर. लहान फाट्यांत टीएफएमच्या वड्या ठेवतात, त्या ८-१० तासांत विरघळतात. साचलेल्या डबक्यांत, नदीच्या तुटक्या वळणांत पाठीवरच्या पंपाने फवारणी. खाली ठिकठिकाणी नमुने घेऊन वर्णपटमापीवर मात्रा तपासतात.

पाणीपातळी

आणि फसतं कुठे?

ग्रँडरिव्हरकर

सगळ्यात जास्त पाण्यामुळेच. उपचार चालू असताना वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की प्रवाह वाढतो, मात्रा पातळ होते. दुसरं, भूजलाचे झरे. तळातून स्वच्छ पाणी वर येतं त्या जागी डिंभ बसलेले असतील तर औषध त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तिसरं, बीव्हर या प्राण्याने ओढ्यात घातलेले बांध. त्यामागे पाणी तुंबतं आणि औषधाचा पट्टा इतका पसरतो की खाली पुरेशी मात्रा ९ तास टिकत नाही. म्हणून आधी बांध फोडावे लागतात किंवा बांधाखाली नव्याने मात्रा द्यावी लागते. चौथं, एखादा फाटा नकाशात सुटणं. वाचलेले डिंभ मोठे असले तर पुढच्या वर्षी-दोन वर्षांत सरोवरात जातात. एका नदीतून हजारो निघू शकतात, त्यामुळे पुन्हा डिंभ मोजणं हा उपचाराचाच भाग मानतात.

सेंट मेरीज नदी वेगळंच प्रकरण. सुपीरियरचं सगळं पाणी तिथून ह्युरॉनमध्ये उतरतं. एवढ्या प्रवाहात टीएफएम परवडणारच नाही. तिथे निक्लोसामाइडचे जड दाणे वापरतात, जे तळाशी बसून गाळालगत विरघळतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नदीतल्या डिंभांच्या दाट जागा नकाशावर काढून हेलिकॉप्टरमधून फक्त तिथेच दाणे टाकले.

सुजाता_टोरांटो

इतर जीवांचं काय, हे लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. स्थानिक लॅम्प्रीचे डिंभ त्याच गाळात असतात आणि टीएफएमने तेही मरतात. त्यांना वाचवण्याचा खात्रीचा मार्ग नाही, फक्त सी लॅम्प्री पोचत नाही असे वरचे पट्टे उपचाराविना सोडले जातात. मडपपी नावाचा उभयचर आणि स्टोनकॅट नावाचा छोटा कॅटफिश हेही नाजूक. लेक स्टर्जन या माशाची १०० मिलिमीटरखालची पिल्लं टीएफएमला बरीच संवेदनशील असतात, म्हणून स्टर्जन असलेल्या नद्यांत पिल्लं मोठी होईपर्यंत उपचार पुढे ढकलतात. पण पुढे ढकललं की शरदातला पाऊस आडवा येतो. मात्रा कमी ठेवली की लॅम्प्री वाचतात, आणि त्याच पुढे प्रौढ स्टर्जनला चिकटतात. स्टर्जनच्या बाजूने विचार केला तरी लॅम्प्री ढिली सोडणं परवडत नाही, हे मला पटलेलं आहे.

टीएफएम सूर्यप्रकाशाने आणि गाळातल्या जिवाणूंनी विघटित होतं. माशात साठत नाही.

पाणीपातळी

आता माझ्या विषयाकडे येतो: बंधारे. औषधाआधीचा आणि औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय हा. लॅम्प्री उडी मारू शकत नाही. सामन आणि स्टीलहेड उड्या मारत चढतात, तिथे ती अडते. म्हणून पूर असतानाही खालच्या पाण्यापासून माथ्यापर्यंत ३० ते ४५ सेंटिमीटरचा उभा पडाव (पाणी सरळ खाली पडण्याची उंची) राहील असा ठेंगणा बंधारा बांधतात आणि माथ्याला पुढे आलेला पोलादी ओठ देतात. ओठ नसेल तर ती भिंतीला चिकटून, धरत-सोडत वर सरकायचा प्रयत्न करते.

बिघडतं ते खालच्या पाण्याच्या पातळीवर. माथा पक्का असतो, पण पुरात खालचं पाणी चढतं आणि पडाव बुडतो. लॅम्प्रीचं चढणं आणि वसंतातले पूर एकाच वेळी येतात. चार-सहा तास पडाव बुडाला तरी पुरे. म्हणून आखणी १० वर्षांत एकदा येणारा पूर धरून करतात. दुसरं दुखणं जुन्या धरणांचं. खोऱ्यात लॅम्प्रीला अडवणारी सुमारे हजार बांधकामं आहेत, त्यातली बहुतेक लाकूड वाहून नेण्यासाठी, गिरण्यांसाठी किंवा विजेसाठी बांधलेली. लॅम्प्रीसाठी नाहीत. ती आता जीर्ण झालीत. मिशिगनच्या उत्तर भागातल्या मॅनिस्टिक नदीचं धरण खिळखिळं झालं आणि वरचा मोठा मुलूख लॅम्प्रीला मोकळा झाला. मिशिगन सरोवरातली संख्या त्याने वाढली.

१९५० च्या दशकात विजेचे अडथळेही लावले होते. वीज गेली की मासा मोकळा, आणि चालू असताना इतर मासेही मरायचे. ते सोडून दिले.

उजनीकाठ

म्हणजे धरण काढून नदी मोकळी करा म्हणणारे आणि लॅम्प्री अडवणारे, दोघंही माशांच्याच भल्यासाठी भांडतायत.

पाणीपातळी

हो, आणि दोघांचंही खरं आहे. स्टर्जन, इथला सकर (उजनीतला नव्हे), वॉलाय या माशांना वर जायला वाट हवी, आणि तेही उड्या मारत नाहीत. जी वाट त्यांना, तीच लॅम्प्रीला. सध्या हाताने वेचणं चालतं: पिंजऱ्यात सगळे मासे घ्यायचे, लॅम्प्री बाजूला काढायच्या, बाकीचे वर सोडायचे. माणसं लागतात, खर्च येतो. ट्रॅव्हर्स सिटीत बोर्डमन नदीवर फिशपास प्रकल्प होतो आहे, तिथे आकार, पोहण्याची ताकद, वागणूक यांवरून मासे आपोआप वेगळे करण्याच्या पद्धती तपासायच्या आहेत. तो सिद्ध होईपर्यंत शेवटचा अडथळा काढू नये, हे माझं मत. धरणाची दुरुस्ती एकदाच करायची असते. ते गेलं तर वरच्या कित्येक किलोमीटरवर दर ४ वर्षांनी टीएफएम ओतत बसावं लागतं.

रसायनी

औषधाला पर्याय शोधण्याचेही प्रयत्न झालेत. नर पकडून बिसाझिर हे रसायन देऊन वंध्य करायचे आणि परत सोडायचे, मादी त्यांच्याशी जुळली की अंडी वाया. हे १९९१ ला सुरू झालं, नंतर सेंट मेरीजवर केंद्रित केलं, २०११ ला थांबलं. फेरोमोनवरही, म्हणजे जोडीदाराला ओढणाऱ्या वासाच्या द्रव्यांवरही, काम झालं. विणीला आलेला नर जे मुख्य द्रव्य सोडतो ते प्रयोगशाळेत बनवून सापळ्यात वापरतात. २०१५ च्या अखेरीस अमेरिकेत त्याला कीडनाशक म्हणून मान्यता मिळाली. सापळ्यात भर पडते, पण माफक. खऱ्या नराचा वास शेजारीच असतो, त्याच्याशी स्पर्धा. मेलेल्या लॅम्प्रीच्या वासापासून जिवंत लॅम्प्री दूर पळतात, त्यामुळे एका फाट्यातून हाकलून दुसऱ्या फाट्यातल्या सापळ्याकडे वळवण्याची कल्पना मला जास्त आशादायक वाटते. तरी आज टीएफएम आणि बंधारे वजा केले तर बाकीच्यांवर सरोवर वाचणार नाही.

उजनीकाठ

पकडलेल्या खाता येत नाहीत का? युरोपात तर म्हणे खातात.

सुजाता_टोरांटो

खातात, पोर्तुगालमध्ये आणि फ्रान्सच्या बोर्दो भागात आवडीने. तिथे ती स्थानिक आहे, अनेक नद्यांत घटलेली आहे, तिला संरक्षणही आहे. ग्रेट लेक्समधल्या लॅम्प्रीत मात्र पारा साठलेला असतो. मोठ्या माशांच्या रक्तावर जगते, तेव्हा त्यांच्यातला पारा हिच्यात येतो. खाऊ नका.

ग्रँडरिव्हरकर

संख्या आज बहुतेक भागांत जुन्या शिखरापेक्षा सुमारे ९० टक्क्यांनी कमी आहे. हे संपवणं नाही, दाबून धरणं आहे. हात काढला की काय होतं ते करोनाच्या काळात दिसलं. २०२० मध्ये प्रवासबंदीमुळे ठरलेल्या ओढ्यांपैकी जेमतेम चतुर्थांशांवर उपचार झाले, २०२१ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश. पुढच्या वर्षांत लॅम्प्रीची संख्या आणि माशांवरच्या खुणा वाढल्या. डिंभांना बाहेर पडायला वर्षं लागतात, म्हणून फटका लगेच दिसत नाही. याच कारणाने पैसे कापणाऱ्याला वाटतं, काही बिघडलं नाही.

ईरीचं उदाहरणही लक्षात ठेवा. तिथे लॅम्प्री सगळ्यांत आधी पोचली, पण बरीच वर्षं फार वाढली नाही, कारण उपनद्या घाण आणि गढूळ होत्या. पाणी सुधारलं, ट्राउट सोडले, आणि लॅम्प्रीही वाढली. स्वच्छ गोट्यांचा तळ तिलाही हवा असतो.

सुपीरियरमध्ये मूळच्या लेक ट्राउटचे साठे शिल्लक होते. तिथे ते सावरले, आणि २०२४ मध्ये सरोवराच्या बहुतेक भागात लेक ट्राउट पूर्वपदावर आल्याचं जाहीर झालं. मिशिगनमध्ये मूळ साठाच गेला होता. शिकारी मासा नसल्याने अलवाइफ नावाचे छोटे मासे बेसुमार वाढले आणि १९६७ मध्ये किनाऱ्यांवर त्यांचे ढीग लागले. १९६६ पासून पॅसिफिकचा सामन सोडला गेला तो त्यासाठीच. तुमच्या गळाला आज लागणारा कोहो सामन त्याच निर्णयातून आलेला आहे.

गळवाला_क्लीव्हलँड

व्यवहाराचं विचारतो. मासा वर आला आणि लॅम्प्री चिकटलेलीच आहे. काय करायचं?

सुजाता_टोरांटो

शेपूट धरून ओढू नका, माशाचं मांस फाटून येतं. मासा पाण्याबाहेर घ्या, चूषकाच्या कडेखाली अंगठ्याचं नख सरकवून हवा आत जाऊ द्या. पकड सुटते. पाठीचे पर बघा. दोन सुटे असतील आणि लांबी फुटाच्या वर असेल तर ती मारा आणि कचऱ्यात टाका, पाण्यात परत नाही. माणसाच्या हाताला ती चिकटली तरी घाबरायचं कारण नाही, उष्ण रक्ताच्या प्राण्याचं ती सहसा पीत नाही.

मासा खायला चालतो. व्रणाभोवतीचं दोन बोटं मांस कापून टाका. सोडून द्यायचा असेल तर ओल्या हाताने धरा, व्रणावर बोट लावू नका. जुनी, भरलेली खूण असेल तर काहीच करायची गरज नाही.

आणि ओढ्यातल्या गाळात बोटाएवढे वळवळणारे डिंभ सापडले तर आमिष म्हणून डब्यात घालून दुसऱ्या पाण्यावर नेऊ नका. धरणाच्या वर एक डबा उपडा झाला तर बंधाऱ्याचा उपयोग संपला.

गळवाला_क्लीव्हलँड

धन्यवाद ताई. आमच्या इथल्या ओढ्यावर यंदा उपचाराची नोटीस लागली आहे. घरामागे भाज्यांचा वाफा आहे, पाणी त्याच ओढ्यातून घेतो.

ग्रँडरिव्हरकर

नोटिशीवरची तारीख पाऊस-पाण्यामुळे पुढेमागे होते, त्यामुळे दिलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा. त्या ओढ्यावरचं शेतीचं सिंचन २४ तास बंद ठेवायला सांगतात. वाफ्यालाही तोच नियम लावा. औषधाचा पट्टा तुमच्या जागी केव्हा येईल आणि केव्हा निघून जाईल ते पथक सांगू शकतं, कारण रंग सोडून त्यांनी वेळ काढलेला असतो. पाणी थोडं पिवळसर दिसेल, ते टीएफएमचं. आमिषाचे जिवंत मासे त्या पाण्यात डब्यात ठेवले असतील तर आदल्या दिवशी काढा आणि विहिरीच्या किंवा क्लोरीन उडालेल्या नळाच्या पाण्यात हलवा. गर्दीत, हाताळणीने आधीच थकलेले मासे ओढ्यातल्या मोकळ्या माशांपेक्षा लवकर मरतात.